त्या तीन पोरांच्या मागे कोण धावतंय?

अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेलचं 'नो स्विमिंग' हे चित्र उन्हाळा आला की कुठून तरी परत वर येतं, आणि त्यावरून तेच जुनं भांडण परत सुरू होतं. चित्रकाराचं नाव माहीत नसलं तरी चित्र बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. तीन पोरं आणि एक कुत्रं जीव खाऊन पळतायत, कपडे धड अंगात नाहीत, केस ओले, चेहऱ्यावर धास्ती, आणि मागे पोहायला मनाई असल्याची पाटी. 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या अमेरिकन साप्ताहिकाच्या ४ जून १९२१ च्या अंकाचं हे मुखपृष्ठ. एक बाजू म्हणते, हे बघा खरं बालपण, मोबाईल नाही, क्लास नाहीत, आताच्या पोरांना हे स्वप्नातही मिळणार नाही. दुसरी बाजू म्हणते, कसलं बालपण, गोऱ्या अमेरिकेने स्वतःला सांगितलेली ही गोड थाप आहे, ज्या देशात तेव्हा माणसं जिवंत जाळत होते तिथे ही तीन गुबगुबीत पोरं दाखवायची आणि सगळं कसं छान होतं म्हणायचं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन्ही बाजू चित्र न बघता भांडतायत. हे चित्र भीतीचं आहे, पण अशा भीतीचं जिच्या पलीकडे माफी ठरलेली आहे, आणि या चित्राला विचारायचा खरा प्रश्न हा आहे की ती माफी कुणाला मिळत होती.

जरा नीट बघा. पोरं पळतायत हे दिसतं, पण ती कुणापासून पळतायत ते रॉकवेलने काढलेलंच नाही. मागे लागलेला माणूस चौकटीच्या बाहेर आहे. तो शेतमालक आहे, वॉचमन आहे, पोलीस आहे, की नुसताच काठी घेतलेला म्हातारा आहे, ते बघणाऱ्याने ठरवायचं. आणि आपण ते ठरवतोच, पाहिल्या पाहिल्या, विचार न करता. ठरवताना अजून एक गोष्ट करतो, ती म्हणजे शिक्षेची हद्द घालून देतो. कान पिळेल, कपडे काढून घेईल, बापाकडे तक्रार करेल, फार तर दोन फटके देईल. त्याच्या पुढे काही होणार नाही याची आपल्याला इतकी खात्री असते की आपण हसतो. चित्रातला विनोद त्या खात्रीवर उभा आहे. आता तोच माणूस चौकटीत आणून बघा, हातात बंदूक देऊन, आणि पोरांचे चेहरे अगदी तसेच ठेवा. चेहऱ्यावरची एक रेघ बदलायला नको, तरी हसू येईल का?

पहिल्या बाजूचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाहीये, हे मी मान्य करतो. पाण्यात उडी मारायची ओढ, नको म्हटलं की तिथेच जायची ओढ, पकडले जाण्याची ती पोटातली कळ, हे सगळं खरं आहे आणि ते कुठल्या एका वर्णाचं किंवा देशाचं नाही. रॉकवेलने ते इतकं अचूक पकडलंय की शंभर वर्षांनी, पार दुसऱ्या खंडात बसलेल्या माणसालाही त्या पोरांची धाप ऐकू येते. कडेची आकृती चौकटीने कापलीय, त्यामुळे वाटतं की ही सगळी आत्ता क्षणात निघून जाणार. ही फार वरच्या दर्जाची कारागिरी आहे.

पण 'पूर्वी असं होतं' हे मात्र तपासून बघावंच लागेल. रॉकवेल १८९४ साली न्यूयॉर्क शहरात जन्मला, लहानपणीची बरीच वर्षं शहरातच राहिला, खेड्यात तो जायचा तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. हे चित्र काढलं तेव्हा तो न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेलमध्ये राहायचा आणि फोटोवरून काढायची पद्धत त्याने अजून सुरू केली नव्हती, म्हणजे स्टुडिओत खरी पोरं उभी करून पळण्याची पोज धरायला लावायची. पोरं कंटाळू नयेत म्हणून तो टेबलावर नाण्यांची चवड ठेवायचा आणि दर पंचवीस मिनिटांनी पाच नाणी पोराच्या ढिगात सरकवायचा, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे ज्या मोकळ्या उनाड बालपणाकडे बघून आपण उसासे टाकतो ते पैसे मोजून, मिनिटं मोजून बनवलेलं होतं, आणि ते १९२१ मध्येसुद्धा आठवण म्हणूनच विकलं जात होतं. १९२० च्या जनगणनेत पहिल्यांदा अमेरिकेतली निम्म्याहून जास्त माणसं शहरी भागात राहणारी निघाली. गाव सोडून आलेल्या त्या पिढीला डोहाची आठवण हवी होती, ती 'पोस्ट'ने पाच सेंटला घरपोच दिली. आणि त्याच जनगणनेत १० ते १५ वयाची दहा लाखांहून जास्त मुलं कामाला लागलेली नोंदली गेली, शेतात, गिरण्यांत, खाणींत. मुलांच्या मजुरीला आळा घालणारा केंद्राचा कायदा सुप्रीम कोर्टाने १९१८ मध्ये रद्द करून टाकला होता. त्या दहा लाख पोरांकडे दुपारी डोहावर जायला वेळ होता का? तेव्हा 'पूर्वीची पोरं अशी मोकळी होती' हे वाक्य त्या काळच्या गोऱ्या पोरांसाठीही सरसकट खरं नाही.

आता दुसऱ्या बाजूचं सगळ्यात जोरदार म्हणणं घेऊ, कारण ते पहिल्यापेक्षा कितीतरी जड आहे. २७ जुलै १९१९, शिकागो, रविवार, कडक ऊन. युजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा काळा मुलगा मित्रांबरोबर लेक मिशिगनमध्ये लाकडी तराफ्यावर खेळत होता. किनाऱ्यावर काळ्यांची बाजू वेगळी, गोऱ्यांची बाजू वेगळी, आणि पाण्यात या दोन्हींमध्ये एक रेषा होती जी कुणी आखली नव्हती, जिची पाटी कुठे नव्हती, पण सगळ्यांना माहीत होती. तराफा वाहत वाहत त्या रेषेच्या पलीकडे गेला. किनाऱ्यावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारायला सुरुवात केली आणि युजीन बुडून मेला. तिथे हजर असलेल्या गोऱ्या पोलिसाने त्या माणसाला अटक करायला नकार दिला, आणि त्यावरून जी दंगल पेटली तिच्यात ३८ माणसं मेली, त्यातली २३ काळी. 'नो स्विमिंग'च्या आधी दोन वर्षं सुद्धा झाली नव्हती. उन्हाळा तोच, पाणी तेच, मित्रांबरोबर हुंदडणं तेच, आणि नको तिथे गेल्याची शिक्षा ही. आणि अंकावरच्या तारखेकडे परत एकदा बघा. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही काळ्यांची भरभराटीची वस्ती, सुमारे ३५ ब्लॉक, जाळून टाकली. त्या आठवड्याच्या अंकावर ही तीन पोरं पळत होती. चित्र अर्थात त्याच्या कितीतरी आधी छपाईला गेलेलं, रॉकवेलला टल्सा माहीत असणं शक्यच नव्हतं, आणि तसा आरोप मी करतही नाही. पण त्या आठवड्यात अमेरिकेत आणखी कोण कोण, किती लहान पोरं, अर्ध्या कपड्यांत जीव घेऊन पळत होती हे एकदा कळल्यावर या चित्राकडे पहिल्यासारखं बघता येत नाही. मला तरी येत नाही.

यावर लगेच उत्तर येतं, की आजचे निकष शंभर वर्षांपूर्वीच्या चित्राला लावू नका, तेव्हा कुणाच्या डोक्यात हा विचारच नव्हता. हे साफ चूक आहे. तेव्हा हा विचार होता, फक्त तो 'पोस्ट'च्या मुखपृष्ठावर नव्हता. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस आणि लेखिका जेसी फॉसेट यांनी जानेवारी १९२० मध्ये 'द ब्राऊनीज बुक' नावाचं काळ्या मुलांसाठीचं मासिक सुरू केलं, ते डिसेंबर १९२१ पर्यंत चाललं. गोष्टी, कविता, फोटो, पोरांची पत्रं, सगळं होतं त्यात. काळी पोरंही पोरंच असतात आणि त्यांचं बालपण छापण्याच्या लायकीचं आहे, एवढं साधं म्हणणं मांडायला त्या माणसांना वेगळं मासिक काढावं लागलं. म्हणजे हा निकष १९२१ चाच आहे. 'पोस्ट' दर आठवड्याला वीस लाखांच्या वर खपत होता आणि 'ब्राऊनीज बुक' दोन वर्षांत बंद पडलं, एवढाच काय तो फरक.

तरीही दुसऱ्या बाजूने काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. त्यांचं म्हणणं, ज्या अर्थी हे सगळ्यांना मिळत नव्हतं त्या अर्थी हे खोटं आहे, फेकून द्या. मला इथे गणित उलटं दिसतं. युजीन विल्यम्सकडून नेमकं काय हिरावून घेतलं? तेच, जे या चित्रात आहे. चूक करून पळून जाता येणं, घरी पोचणं, बोलणी खाणं, आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच जाणं. ही गोष्ट फालतू किंवा खोटी असती तर ती नाकारली गेल्याचं दुःख कशाला झालं असतं? माफी खरी होती, मौल्यवान होती, गोऱ्या पोरांना ती खरोखर मिळत होती, आणि म्हणून तर ती बाकीच्यांना न देणं हा अन्याय होता. चित्राला थाप म्हणून मोडीत काढलं की हा अन्याय मोजायची पट्टीच आपण हातातून घालवतो.

रॉकवेलचंच दुसरं चित्र घ्या, 'द रनअवे', सप्टेंबर १९५८. घरातून पळालेला एक लहान पोरगा डायनरच्या, म्हणजे साध्या खाणावळीच्या, काउंटरवर उंच स्टुलावर बसलाय, शेजारच्या स्टुलावर धिप्पाड पोलीस त्याच्याकडे वाकून बोलतोय, पलीकडून काउंटरवाला पुढे झुकून ऐकतोय. स्टुलाखाली काठीला बांधलेलं लाल रुमालाचं गाठोडं. दोघं मोठे आणि मध्ये हे एवढंसं पोर, आणि त्या पोलिसाच्या पाठीकडे बघूनच कळतं की हा पोराला आधी काहीतरी खाऊ घालणार आणि मग घरी सोडणार. मला हे चित्र मनापासून आवडतं. आणि आता कॅलेंडर पुढे सरकवा. १ फेब्रुवारी १९६०, नॉर्थ कॅरोलिनातलं ग्रीन्सबरो, वूलवर्थच्या दुकानातला असाच काउंटर, अशीच स्टुलं. चार काळे विद्यार्थी, कॉलेजचं पहिलं वर्ष, येऊन बसले आणि कॉफी मागितली. त्यांना ती दिली नाही. दुकान बंद होईपर्यंत ते तसेच बसून राहिले. घरातून पळून आलेल्या पोराला ज्या स्टुलावर पोलिसाची सोबत मिळते त्याच स्टुलावर नीट कपडे घालून, पैसे घेऊन, सभ्यपणे बसलेल्या विद्यार्थ्याला कप मिळत नाही, तर मग व्रात्य कोण आणि शहाणा कोण हे वागण्यावरून ठरत होतं असं कोण म्हणेल?

आणि पाण्याचं तर विचारूच नका. कोर्टाने सार्वजनिक स्विमिंग पूल सगळ्यांना खुले करा म्हटल्यावर कित्येक अमेरिकन शहरांनी ते सगळ्यांनाच बंद केले. अलाबामातल्या माँटगोमेरीने १९५९ मध्ये सगळी सार्वजनिक उद्यानंच बंद करून टाकली. मिसिसिपीतल्या जॅक्सनने पूल बंद केले आणि १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतलं. १८ जून १९६४ ला फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनमधल्या एका मोटेलच्या पूलमध्ये काळे आणि गोरे आंदोलक एकत्र उतरले तेव्हा मालकाने पाण्यात अॅसिड ओतलं, त्याचा फोटो जगभर गेला. हे वाचताना मराठी माणसाला महाड आठवलं नाही तरच नवल. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, कायदा त्यांच्या बाजूने होता, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले यांचा मुंबई कायदेमंडळातला ठराव १९२३ चा, महाडच्या नगरपालिकेने तो १९२४ मध्ये स्वीकारलेलाही, आणि तरी नंतर तळं बाटलं म्हणून १०८ घागरी गोमूत्र, शेण, दूध, दही ओतून त्याची शुद्धी केली गेली. तेव्हा आपण जेव्हा विहिरीत सूर मारायच्या आठवणी लिहितो, पाठीला पांगारा बांधून पोहायला शिकलो, मालक शिव्या देत आला, कपडे उचलून पळालो, तेव्हा एवढं तरी विचारावं की गावातल्या कुठल्या आळीची पोरं त्या विहिरीच्या काठावरही उभी राहू शकत नव्हती. ती पोरं पकडली गेली असती तर मालक नुसत्या शिव्या देऊन थांबला असता का? आठवणी लिहू नका असं मी म्हणत नाहीये, जरूर लिहा, पण काठावर कोण नव्हतं तेही त्याच पानावर लिहा.

काही जाणकार म्हणतील की मासिकाच्या मुखपृष्ठाकडून एवढ्या अपेक्षा कशाला, हा तर बाजारू माल. अमेरिकन कलासमीक्षक क्लेमंट ग्रीनबर्गने १९३९ च्या आपल्या गाजलेल्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात एका बाजूला ब्राक या आधुनिक चित्रकाराचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'चं मुखपृष्ठ ठेवलं होतं, आणि त्याचा कल कुठे हे सांगायला नको. त्यात तथ्य आहे, 'पोस्ट' जाहिरातींवर चालायचा आणि मुखपृष्ठाचं काम अंक उचलायला लावणं हेच होतं. रॉकवेल स्वतःही म्हणायचा की जग जसं असावं असं मला वाटतं तसं मी काढतो. पण ज्या चित्राने लाखो घरांतल्या माणसांना 'पोर' म्हणजे कसं दिसतं हे शिकवलं ते चित्र वाचायच्या लायकीचं नाही असं म्हणणं म्हणजे सर्वात जास्त परिणाम करणाऱ्या गोष्टीकडेच पाठ फिरवणं.

शिवाय या चित्राचं सगळ्यात कठोर वाचन खुद्द रॉकवेलनेच केलंय, असं मला वाटतं. 'पोस्ट'मध्ये काळी माणसं फक्त नोकराच्या भूमिकेत दाखवायची असा दंडक होता आणि त्यामुळे एकदा आपल्याला चित्रातला काळा माणूस पुसून टाकावा लागला, हे त्याने नंतर मुलाखतीत सांगितलं. १९६३ मध्ये त्याने 'पोस्ट' सोडला आणि १४ जानेवारी १९६४ च्या 'लुक' मासिकात त्याचं 'द प्रॉब्लेम वी ऑल लिव्ह विथ' आलं. १४ नोव्हेंबर १९६० ला न्यू ऑर्लिन्समध्ये, तोपर्यंत फक्त गोऱ्यांच्या असलेल्या शाळेत जाणारी सहा वर्षांची रुबी ब्रिजेस. पांढरा फ्रॉक, पांढरे बूट, हातात वही आणि पट्टी, पुढे मागे तिच्या रक्षणासाठी केंद्र सरकारचे चार मार्शल, आणि भिंतीवर शिवी लिहिलेली, फुटलेल्या टोमॅटोचा लाल डाग. हे चित्र 'नो स्विमिंग'शेजारी ठेवून बघा. त्याच हाताची तीच युक्ती आहे. मोठी माणसं इथेही चौकटीने कापलीत, मार्शलांना डोकीच नाहीत. पोराच्या मागे लागलेला इथेही चौकटीबाहेर आहे, आणि यावेळी तो जमाव आहे, ज्याने टोमॅटो फेकला तो, आणि आपण नेमके त्याच्या जागी उभे आहोत. त्रेचाळीस वर्षांपूर्वी ज्या रिकाम्या जागेत आपण हसत हसत एक काठीवाला म्हातारा भरला होता, त्या जागेत आता स्वतःला बघावं लागतं. आणि एक उलटापालट बघा, मनाई मोडणारी पोरं धावतायत आणि कायद्याने हक्क असलेली पोरगी सावकाश, ताठ चालतेय. तिला धावायची मुभा नाही, कारण ती धावली तर ती गुन्हेगार दिसेल.

हे सगळं त्याने फार उशिरा केलं, हा आक्षेपही मला मान्य आहे. तेव्हा तो सत्तरीला टेकला होता, त्याआधी शेकडो मुखपृष्ठं करून मोकळा झालेला, आणि ड्यू बॉईसला जे १९२० मध्ये दिसत होतं ते याला १९६४ मध्ये काढता आलं. पण म्हणून रॉकवेलला फक्त गोड जुन्या अमेरिकेचा चित्रकार म्हणून वापरणाऱ्यांच्या हातात देऊन टाकायचं का? २०२५ मध्ये अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याने त्याची चित्रं आपल्या सोशल मीडियावर वापरली आणि त्याच्या कुटुंबीयांना जाहीरपणे निषेध करावा लागला. चित्र वाचायचं आपण सोडून दिलं की ते वापरणारे तयारच असतात.

आजच्या पोरांचं बालपण हरवलं म्हणून हळहळणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे, की तुम्हाला त्यातलं नक्की काय परत हवंय? डोह हवा असेल तर २०१५ मधलं टेक्सासचं मॅकिनी बघा. पूल पार्टीला जमलेली पोरं, शेजाऱ्यांचा पोलिसांना फोन, आणि एका पोलिसाने बिकिनी घातलेल्या १५ वर्षांच्या काळ्या मुलीला जमिनीवर पाडून गुडघ्याखाली दाबून ठेवलं, तिथल्या पोरांवर पिस्तूल रोखलं. व्हिडिओ आहे. नंतर त्याने राजीनामा दिला. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे आकडे सांगतात की १० ते १४ वयाची काळी मुलं स्विमिंग पूलमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या ७.६ पट आहे, आणि याचा संबंध त्या बंद केलेल्या पूलांशी आहेच, कारण ज्या आईबापांना पोहायला शिकूच दिलं नाही त्यांनी पोरांना कुठून शिकवायचं?

'नो स्विमिंग' आणि रुबीचं चित्र, दोन्ही मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिजच्या नॉर्मन रॉकवेल म्युझियमच्या संग्रहात आहेत. शाळेच्या पोरांना दाखवायची तर दोन्ही एकत्र दाखवावीत, आधी काही न सांगता, आणि दोन्हींबद्दल एकच प्रश्न विचारावा, की चौकटीबाहेर कोण उभं आहे आणि पोर त्याच्या हाती लागलं तर तो काय करेल. पोरं बरोबर उत्तर देतात, मोठ्यांपेक्षा लवकर.